काकांचा होकार आणायला बहादरपूरला

फिल्म महोत्सवाची मुदत आठ दिवसांवर आली, तेव्हा मी नाशिकहून बऱ्हाणपूरचं तिकीट काढलं. दोन वर्षं खपून मी सात मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म केली होती. कापडी बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. दिवसभरात जेमतेम तीन सेकंद हाती लागतात. त्यातला केळीवाला शेतकरी बोलताना अडखळतो. तो म्हणजे बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरचे माझे काका, मावशीचे यजमान. मी त्यांना विचारलंच नव्हतं. ते नको म्हणाले असते, तर मी फिल्म कुठेच पाठवणार नव्हते.

सकाळच्या गाडीने दुपारी पोचता येतं. भुसावळनंतर खिडकीबाहेर केळीच केळी. काकांना न विचारल्याचं आठवून मला त्या बागांकडे बघवेना. बऱ्हाणपूरला उतरून इतवारा बाजारात दराबा घेतला. रवा, तूप, साखर फेटून केलेली ही मिठाई जिभेवर विरघळते, तुम्हीही घ्याच. तिथून बहादरपूरला शेअर रिक्षा मिळते, वीस रुपयांत.

"पोरीनं पिक्चर बनवला," असं मावशीने आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे शेजारची चौघं हजर. स्टुलावर लॅपटॉप ठेवला. बाहुली पहिल्यांदा अडखळली आणि एक शेजारीण फिस्सकन हसली. काकांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

फिल्म संपली. काका म्हणाले, "द... दोबारा लाव."

दुसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवायला लावली. "हे ग... गलत आहे. केळीचा घ... घड उलटा लावला तू. केळी वर तोंड करतात."

"आणि तो माणूस, काका?"

"तो ब... बरोबर आहे. माझ्यासारखाच बोलतो. भेज तू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी काकांचं वाक्य मावशी पुरं करते. त्या दिवशी ते अर्धा तास घड कसा लागतो, कसा वाकतो ते सांगत राहिले, आणि ती गप्प बसून ऐकत होती. हसलेली शेजारीणसुद्धा.

घरी येऊन घड सरळ केला, त्यात चार दिवस गेले. मुदतीच्या आदल्या दिवशी फिल्म पाठवली. निवड होईल की नाही, ठाऊक नाही. संध्याकाळी मावशीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. काका आजवर कधी फोनवर आले नव्हते. मी घाई केली नाही.

"भ... भेजला का?"

"भेजला, काका."