बडी बीची टाच

बडी बी कुठल्याही दारात शिरताना आधी उजवी टाच जमिनीवर आपटायची. एकदाच, पण जोरात. मग जरा थांबायची आणि मगच आत पाऊल टाकायची. स्वतःच्या घरात तशी, आमच्या घरात तशी, वाण्याच्या दुकानातही तशीच. नांदुऱ्याला नवीन आले तेव्हा मला वाटलं, बाईच्या पायात काही अधू असेल. मग वाटलं, रागीट असेल. त्या दिवसांत मला प्रत्येक आवाजाची धास्ती वाटायची, आणि शेजार मिळाला तो असा, आवाज करत येणारा.

मी कोकणातली. पाचवीची परीक्षा व्हायच्या आधीच लग्न ठरलं आणि माझं दप्तर माळ्यावर गेलं. हे इकडे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून होते. "मध्यप्रांत-वऱ्हाडात दिली म्हणजे पोर गेलीच म्हणायची," असं आई निघताना कुणाला तरी म्हणाली, ते कानात घेऊनच मी आगगाडीत बसले. इथलं पाणी जड, ऊन डोळ्यांत शिरणारं, आणि बोली अशी की भाजीवालीने दोनदा विचारलं तरी मी नुसती मान हलवायचे. हे कामावर गेले की मी दाराला कडी घालून बसायचे. कडी नीट लागली का, ते उठून उठून बघायचे.

घराच्या मालकीणबाईंच्या एकाच अंगणाभोवती आमच्या भाड्याच्या खोल्या होत्या. आमच्या भिंतीला लागून बडी बीची. ती पिंजाऱ्याची बायको; नवरा वारल्यावर त्याचं पिंजण, कापूस पिंजायचं ते मोठं लाकडी धनुष्य, तिनेच हातात घेतलं होतं. जुन्या गाद्यांचा दडपून गेलेला कापूस लोक आणून टाकत, ती तो पिंजून फुलवी आणि पुन्हा गादी शिवून देई. दिवसभर भिंतीपलीकडून पिंजणाच्या ताणलेल्या दोरीचा, तांतेचा, ठुंय् ठुंय् आवाज यायचा. हे बायामाणसाचं काम आहे का, असं कुणी तिला विचारलं, तर ती केसांतला कापूस झटकत म्हणायची, "कापसाले इचारून पाह्यलं म्या. त्याले चालते म्हणे."

तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. होती ती एक पांढरी मांजर, सरकी. जिनातल्या सरकीच्या ढिगात हे पिल्लू सापडलं म्हणून नवऱ्याने ते सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात तो तापाने गेला. लेकरूबाळ नव्हतं. त्यामुळे "तो" म्हणून जे काही मागे राहिलं होतं, ते पिंजण आणि ही मांजर. आणि मांजर चावरी. नांदुऱ्यातल्या त्या गल्लीत बडी बीचं घर विचारलं तर लोक सांगत, "चावऱ्या मांजरीचं ना? थे काय."

मला ती चावली त्याच दिवशी माझी आणि बडी बीची ओळख झाली. सुई मागायला म्हणून मी तिच्या दारात गेले होते. पिंजलेल्या कापसाचा ढीग पडला होता, पांढऱ्यावर पांढरी मांजर झोपलेली मला दिसलीच नाही. इतका मऊ कापूस मी कधी पाहिला नव्हता. सहज हात ठेवला, आणि अंगठ्याखाली दात रुतले. मी किंचाळले. बडी बी मागच्या दाराने टाच आपटत आली.

"हात ओढू नको! जसा हाये तसा राहू दे!"

कसं कोण जाणे, मी ऐकलं. हात तसाच ठेवला. सरकीने माझ्याकडे पाहिलं, बडी बीकडे पाहिलं, आणि आपणहून तोंड उघडलं. बडी बीने जखमेवर हळद दाबली, आणि माझ्याआधी मांजरीचीच समजूत काढावी तशी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तिची चूक नाई व पोरी. तिले ऐकू येत नाई. जन्माचीच बहिरी हाये. तू आली थे तिले समजलंच नाई, एकदम आंगावर हात पडला. तू काय केलं असतं?" मग ती उठून दारापर्यंत गेली आणि मला दाखवण्यासाठी टाच आपटली. सरकीने मान वळवली. "पाह्य. जमीन हालली का तिले समजते कोनी येऊन राह्यलं म्हून. तूही अशीच येत जाय."

दुसऱ्या दिवसापासून मी टाच आपटून जाऊ लागले. पहिल्यांदा आपटली तेव्हा लाज वाटली. सासरी मुलीने पावलांचा आवाज करू नये, हेच शिकून आले होते मी. पण त्या घरात आवाज करणं हीच माया होती. सरकी मला पुन्हा कधी चावली नाही. भिंतीला टेकून मी बसायचे, बडी बी टाके घालायची आणि तिची बोली मला शिकवायची. "मले भेव लागते, असं म्हण." मी म्हणायचे. ती हसायची. "हे पाह्य, भेव निघून गेला!"

बाकी कुणाला मात्र तिने सांगितलेलं पटलं नाही. एकदा मालकीणबाई गादीचं माप द्यायला आल्या आणि पोटरी धरून ओरडत बाहेर पडल्या.

"बडी बी, तुह्यं मांजर हाये का कुत्रं?"

"टाच आपटून यायचं ना व बाई. किती खेपा सांगितलं."

"मांजरीसाठी म्या माह्याच घरात लाथा हानत फिरू?"

"लाथ नको हानू. येऊन राह्यली एवढं कळव तिले. तू सायबाच्या बंगल्यावर जाते तवा वर्दी देतेच ना?"

अंगण हसलं, मालकीणबाईही हसल्या. पण गिऱ्हाइकं हसली नाहीत. दूधवाल्याला चावली, कापूस घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला चावली, आणि शेवटी मालकीणबाईंच्या नातीला. कापसावर उड्या मारायला गेली होती ती. तिचा हात सुजला, ताप आला. पोरगी बरी झाली, पण त्या आठवड्यात अंगणात कुणी बडी बीशी बोललं नाही. माझे तेव्हा दिवस भरत आले होते. मालकीणबाई भांडल्या नाहीत, ते एका परीने वाईटच झालं. त्या बडी बीच्या उंबऱ्यावर बसून शांतपणे म्हणाल्या, "आता या कोकनातल्या पोरीचं तान्हं येईन अंगनात. रांगन. थे काय टाच आपटून येनार हाये?"

बडी बीने हातातली सुई गादीत खोचून ठेवली. मी तिला म्हटलं, "नको गं घालवू, मी सांभाळीन, मी दार लावून घेत जाईन." तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी सरकीला पोत्यात घातली. पोत्यात खाली ताजा पिंजलेला कापूस होता. वडनेर भोलजीला तिची बहीण राहायची, तिच्याकडे पोचवायला ती बैलगाडीतून निघाली. त्या भागात रीत अशी की मांजर सोडायची तर पोत्यात घालून पाण्यापलीकडे न्यायची, आणि पाणी ओलांडताना पोतं गरागरा फिरवायचं, म्हणजे मांजरीला दिशा राहत नाही आणि ती परत येत नाही. गाडीवानाने तिला तसं सांगितलंही म्हणे. पण बडी बीने पोतं मांडीवरून हलवलं नाही. "चक्कर येईन तिले," म्हणाली.

परत आली तेव्हा रिकामं पोतं खांद्यावर होतं. दारात तिने टाच आपटली, थांबली, आणि मग आत गेली. आत कुणी मान वळवणारं नव्हतं. तरी ती सवय सुटली नाही.

कापसाच्या गाड्या भरभरून येण्याचे दिवस होते. थोड्या दिवसांनी वडनेरहून निरोप आला. सरकी बहिणीकडे राहिलीच नाही. नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली होती, बरोबर याच दिशेने, आणि मागून आलेल्या गाडीच्या चाकाखाली सापडली. रस्त्यावर इतक्या गाड्या, सगळीच जमीन हलत असणार. त्यातली कुठली आपल्या अंगावर येते आहे, ते तिला कसं कळावं? बडी बीने निरोप ऐकला आणि पिंजणाची तांत उतरवून ठेवली. त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती एवढंच बोलली, "पोतं फिरवलं असतं तं वाचली असती व. मलेच वाटत होतं, यावं तिनं परत."

त्यानंतर कुसुम झाली. बाळंतपणाला मला इतक्या लांब कोकणात जाणं शक्य नव्हतं. आईच्या जागी बडी बीच होती. न्हाऊ घालणं मालकीणबाईंनी केलं, पण कुसुमची पहिली दुपटी, पहिली गादी, सगळी बडी बीच्या हातची. लेक गुणी निघाली. भिंतीला लागूनच पाळणा, पलीकडे दिवसभर तांतेचा ठणठणाट, आणि ही आपली गाढ झोपलेली. सगळ्या बायांना कौतुक. "पिंजाऱ्याच्या शेजारचं लेकरू हाये बाप्पा, पोटात होतं तवापासून ऐकून राह्यलं. त्याले काय त्या आवाजाचं!" मलाही तसंच वाटायचं. उलट मी देवाचे आभार मानायचे, की माझी भित्री जात हिच्यात उतरली नाही.

बडी बी मात्र कौतुक करायची नाही. ती पाळण्याशी यायची, टाच आपटायची आणि बघत राहायची. पाळणा वर टांगलेला. कुसुम हलायची नाही. एकदा मी तिला सतरंजीवर निजवलं होतं. बडी बी मागून आली, टाच आपटली, आणि कुसुमने मान वळवली. मी हसले. बडी बीने टाच पुन्हा एकदा आपटून पाहिली.

दुसऱ्या दिवशी कुसुमला मांडीवर घेऊन ती पिंजणापाशी बसली आणि मला समोर बसायला सांगितलं. आधी नुसतीच तांत वाजवली. कुसुम माझ्याकडे बघत राहिली. मग बडी बीने तिचा इवला पंजा पिंजणाच्या लाकडावर ठेवला आणि पुन्हा वाजवली. लाकूड थरथरलं. कुसुम आधी दचकली, मग खुदकन हसली. पुन्हा वाजवली, पुन्हा हसली. ती हसत होती, आणि बडी बीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मला कळलं. पुढे दवाखान्यात दाखवलं, त्यांनीही हिला ऐकू येत नाही असंच सांगितलं.

अंगणात बोलणं सुरू झालंच. मांजरीचा तळतळाट लागला म्हणे. बडी बी म्हणाली, "जनावर बद्दुआ देत नाई व. माणसंच देतात." एवढ्यावर ते थांबलं, पण खरा प्रसंग कुसुम चालू लागल्यावर आला. ती अंगणात खेळत होती. मालकीणबाईंनी मायेनेच मागून येऊन तिला उचललं, आणि दचकून कुसुमने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्या हात ओढत राहिल्या, ती दात दाबत राहिली. मी धावले. रक्त पाहून मालकीणबाईंच्या तोंडून निघून गेलं, "चावरी हाये हे पोट्टी!" मग यांना समोर घेऊन त्या म्हणाल्या, "कोकनात आजीकडं नेऊन ठेवा हिले. इथं कोनाकोनाले चावत फिरन?" हे खाली मान घालून ऐकत होते. मी कुसुमला पोटाशी घट्ट धरलं.

बडी बी खोलीतून आली. टाच आपटून, मग पुढे. तिला रागावलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

"चावरी म्हणू नको, बाई. एकीले म्हणलं आपन सगळ्याईनं, अन् म्या ऐकून घेतलं. पोत्यात घालून पाण्यापार सोडून आली म्या तिले. काय झालं पाह्यलं ना?" मग ती यांच्याकडे वळली. "बाबू, लेकरू कोठी जानार नाई. तुमाले चावते तं तुमी टाच आपटा."

मालकीणबाई मनगट धरून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात कुसुमचे केस विंचरत होते. मालकीणबाई पाण्याची घागर घेऊन आल्या, अंगणाच्या मध्यावर थबकल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि जड पायाने एकदा टाच आपटली. घागर हिंदकळली. कुसुमने मान वळवली आणि हसली. मग दूधवाला आपटू लागला. मग मालकीणबाईंची नात, तीच, हातावर चाव्याचा व्रण असलेली. तिला तर तो खेळच झाला. गल्लीत नवीन माणूस आलं तर त्याला वाटायचं, या अंगणातल्या सगळ्यांच्याच पायात काही अधू आहे.

आता आम्ही नागपूरला असतो. यांना गिरणीत जागा मिळाली. कुसुम शिवणकाम शिकते आहे. तिचे टाके बडी बीसारखे बारीक येतात. बडी बी गेल्याचं मागच्या वर्षी नांदुऱ्याच्या एका माणसाकडून कळलं. पिंजण कुणी नेलं, विचारलं मी. त्याला माहीत नव्हतं. मला लिहायची सवय नाही. शाळा तेवढीच झाली. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार, असं वाटलं.

नांदुरा सोडलं तो दिवस सांगून थांबते. स्टेशनावर सामान लावून आम्ही गाडीची वाट बघत होतो. कुसुम रडून रडून वळकटीवर झोपली होती. वळकटीत बडी बीने दिलेली गादी होती. बडी बी लांबून येताना दिसली. जवळ आली, वळकटीपाशी थांबली आणि नेहमीसारखी उजवी टाच उचलली. मी वाट बघत होते. तिने टाच तशीच अधांतरी धरली, आणि हळूच, अगदी आवाज न करता, खाली टेकवली.

"झोपू दे," ती म्हणाली. "उठली तं मले पाह्यन, अन् मंग येत नाई म्हनन तुमच्यासंग."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तिला तशी मुकाट चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी आली. कुसुमला मी झोपेतच उचलून आत बाकावर निजवलं. मग डबा हलला, फळ्या थरथरू लागल्या. तशी ती एकदम जागी झाली, उठून बसली, आणि हसऱ्या तोंडाने दाराकडे बघत राहिली.