चुरी सरांचा पाण्याचा नियम

भास्कर चुरी सरांच्या तासाला शाळेतल्या घड्याळापेक्षा जास्त मान होता. डहाणूकडचा हा माणूस सव्वीस वर्षांपूर्वी सिल्वासात आला, टोकरखाड्यात खोली घेतली आणि सामरवरणीजवळच्या मराठी शाळेत कवायत आणि आरोग्य असे दोन्ही विषय शिकवू लागला. नखं, दात, उघड्यावरचं खाणं, सगळं पोरांच्या हाडीमाशी खिळवलं. पण सरांचा खरा जीव होता तो एकाच धड्यावर, आणि तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. मैदानावर पाणी प्यायचं नाही. खेळ संपल्यावरही तासभर नाही.

त्यांचा थोरला भाऊ हुतुतूचा डाव संपवून विहिरीवर गेला, ओंजळींनी पाणी प्यायला आणि तिथेच कोसळला. भास्कर तेव्हा नऊ वर्षांचा होता. पाण्यानं नेला, असं वडीलधारी माणसं बोलली आणि त्या पोराच्या मनात ते कायमचं बसलं. सरांची कडक शिस्त ही मुळात धास्तीच होती, पण तसं त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

धडा पक्का व्हावा म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. भर कवायतीत ते पाण्याची बाटली घेऊन रांगेपुढून फिरत आणि लाडीगोडीनं विचारत, "कोणाला हवंय?" ज्यानं हात पुढे केला तो आउट. त्यानं जाऊन निंबाखाली बसायचं. पोरं खुदुखुदू हसत, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत आणि ताठ उभी राहत.

या खेळात कधीच आउट न झालेली मुलगी म्हणजे सातवीतली अश्विनी. वारली पाड्यावरची, काटकुळी, डोळ्यांत कायम पिवळसर झाक. तिच्या रक्तात सिकल सेलचा आजार होता. आरोग्य केंद्राच्या अलका सिस्टर तिचं कार्ड घेऊन मुद्दाम सरांकडे आल्या होत्या.

"सर, हिला उन्हात दमवू नका. आणि पाणी सारखं पाजा, हां. रक्त घट्ट झालं तर त्रास होतो हिला."

सरांनी मान डोलावली. त्यांनी अश्विनीचं धावणं बंद केलं, वर्गात तिच्या बाकावर भरलेली बाटली ठेवायला लावली. सिस्टरांचं त्यांनी ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. फक्त पाणी म्हणजे वर्गातलं, घरातलं, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. मैदानावरचं पाणी त्यांच्या लेखी वेगळंच होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात सामूहिक कवायतीची तयारी सुरू झाली. अश्विनीनं हट्ट धरला, "सर, धावत नाय, नुसती उभी राहीन." सर विरघळले. दोन तास ती पहिल्या रांगेत उभी राहिली. बाटली तिच्यासमोरूनही फिरली. तिनं मान हलवली आणि सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शाब्बास! याला म्हणतात मनाचा ताबा."

त्या रात्री तिचे हातपाय, छाती सगळं दुखायला लागलं. इस्पितळात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर वडील सुकदेव कवायतीचा पांढरा गणवेश परत करायला शाळेत आले. दादऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणारा साधा माणूस. गणवेश धुऊन, घडी घालून आणला होता. "तुमचं लय ऐकायची, सर," ते म्हणाले. "त्या दिवशी घरी आली, तिच्या आयनं पाणी दिलं, तर घेईना. सरांनी सांगितलंय, अजून तास झाला नाय, म्हणे."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट लेकीचं कौतुकच होतं. सरांना तेच सोसवेना. ते उठून अलका सिस्टरांकडे गेले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखे समोर बसले. सिस्टरांनी सगळं समजावलं: खेळताना पाणी प्यायल्यानं कुणी मरत नाही, उलट उन्हात घाम गेला की ते लागतंच. "पाणी न प्यायल्यानंच अश्विनीचं असं झालं, हे छातीठोक नाही सांगता येणार," त्या हळूच म्हणाल्या. सरांना त्यानं काडीचाही आधार वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी कवायतीच्या तासाला ते बाटली घेऊन रांगेपुढे उभे राहिले.

"पोरांनो, पाणी प्या."

कुणी हललं नाही. दोघंतिघं गालात हसली. सर पुन्हा म्हणाले, मग विनवलं, मग ओरडले. जितकं ओरडले तितकी रांग अधिक ताठ झाली. शेवटी त्यांनी स्वतःच बाटली तोंडाला लावली. इतक्या वर्षांत मैदानावर प्यायलेला तो त्यांचा पहिला घोट. तो घशाखाली उतरतो न उतरतो तोच मागून कुणीतरी ओरडलं, "सर आउट!" आणि सगळी रांग खळखळून हसली.

नियमच होता. सर निंबाखाली जाऊन बसले.

पाचवीतली ईशा तेवढी हसली नव्हती. अश्विनीची धाकटी बहीण. रांग सोडून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, खरंच प्यायचं?"

"हो, बाळा."

तिनं बाटली हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही.

"मंग ताईनं पण प्यायचं होतं का?"

सरांना त्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना. तरी त्यांनी बघितलं.

"हो," ते म्हणाले. "तिनंही प्यायचं होतं. मी चुकीचं शिकवलं."