यादीतून नावं कोण काढतं?

"नावं या बाईनंच उडवली," चेअरमन अण्णा म्हणाले. समोर ऑपरेटर सुनंदाताई उभ्या होत्या. राजीनामा लिहायला अण्णांनी त्यांना कोरा कागद दिला होता.

भोरच्या आमच्या दूधसंस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. वेल्ह्याकडच्या एका डोंगरवाडीतली नावं मतदारयादीतून गळत होती. ताई परत घालायच्या. सोमवारी पुन्हा गायब. वाडी अण्णांच्या विरोधातली. माझा संशय सरळ अण्णांवर.

सर्व्हर मी सांभाळतो. ‘रूट’ म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याला काहीही पुसता येतं. आमच्याकडे रूटचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. म्हणून मी सक्तीची परवानगी-पद्धत बसवली. तिच्यात मालकालाही मोकळीक नसते. कुठल्या प्रोग्रामनं कुठल्या फाइलला हात लावायचा, ते आधीच ठरवायचं. मतदारयादी बदलायची परवानगी मी फक्त यादीच्या प्रोग्रामला दिली.

रीत अशी, की आधी काही दिवस अडवायचं नाही, नुसती नोंद ठेवायची. मी थेट अडवायलाच लावलं. मला चोर रंगेहाथ हवा होता. पहिल्याच दिवशी प्रिंटर बंद पडला; त्याच्या प्रोग्रामला परवानगी द्यायची राहिली होती.

"साहेब, कुलूप चोराला घातलंय का आमाला?" अण्णांनी टोमणा मारला.

सोमवारी ताईंना मुद्दाम रजा दिली. अण्णांना समोर बसवून चहा पाजला, म्हणजे दोघंही यादीपासून लांब. अकरा वाजता सर्व्हरच्या नोंदवहीत, लॉगमध्ये, ओळ उमटली: यादीत लिहिण्याचा प्रयत्न, परवानगी नाकारली. करणारा माणूस नव्हताच. ‘सफाई’ नावाची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम होता. दर सोमवारी आपोआप चालणारा, दुबार नावं काढणारा.

ती मीच लिहिली होती. नाव, आडनाव, गाव सारखं, की एक ठेवून बाकी पुसायची. वडिलांच्या नावाचा रकाना बरेचदा रिकामा, म्हणून मी तो बघितलाच नव्हता.

वाडीवरच्या धोंडिबांना फोन केला. ते हसायला लागले. "आवो, आमच्यात आज्याचं नाव नातवाला. एका आज्याचे पाच नातू, पाची धोंडिबा. तुमी चार मारले व्हय?"

स्क्रिप्ट काढली, वाडीची सगळी नावं जागेवर आहेत हे तपासलं, पासवर्ड बदलला. अण्णांची माफी मागितली, जड गेलं. मंगळवारी ताई आल्या. तो कोरा कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, हा आता तुमाला लागंल."

नव्या नियमातून मी माझी स्क्रिप्ट वगळली नव्हती, म्हणून ती पकडली गेली. तत्त्व म्हणून नव्हे. ती आहे हेच विसरलो होतो.