आईच्या इरकलीवरच्या दोन ओळी

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांमागे, एका जिन्याखाली एक बाई रफू करायला बसते. तिचं नाव मी विचारलं नाही. त्या दिवशीच्या यादीत अजून पाच कामं होती. आईची इरकली मी इस्त्रीने जाळली होती आणि आई गावाहून परतायच्या आत, तिला कळणारही नाही अशी ती मला करून हवी होती.

त्या बाईने साडीच्या आत खोचायच्या टोकातून दोरे काढले, सुईत ओवले आणि भोकावर एक वर, एक खाली असं विणत गेली. प्रत्येक ओळीनंतर अंगठ्याने कापड हळूच सारखं करायची. मग अचानक सुई माझ्यापुढे धरली.

"दोन ओळी राहिल्यात. तुम्ही भरा."

"मला कुठे येतंय?"

"शिकवते ना. जाळायला कोणी शिकवलेलं?"

मी दोरा ओढला आणि कापड गोळा झालं.

"अहो ताई, विहिरीतून बादली काढताय काय? सैल सोडा. धुतल्यावर आपोआप बसतं ते."

मी उसवून पुन्हा भरलं. तरी माझ्या ओळी वेगळ्या दिसत होत्या. "तुम्हीच करा," मी म्हटलं, "आईला कळेल."

"कळू दे. तिच्यासाठी इथे बसलात, तेही कळेल."

आई आली तेव्हा मीच साडी तिच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. चष्मा लावून तिने त्या वाकड्या ओळी शोधल्या, त्यांवरून बोट फिरवलं.

"तुझा हात नाही ना भाजला?" तिने विचारलं.