हातमोज्यांच्या वहीतले अंगठे

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या बाईचे हात दिसतात.

धाराशिव शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. एका भंगारवाल्याच्या गोदामात दवाखान्यातल्या वापरलेल्या सिरिंजची पोती पडली होती. असा कचरा नष्ट करायला पाठवावा लागतो, भंगारात देता येत नाही. आम्ही दोन पंच घेऊन गेलो, पंचनामा केला, माल जप्त केला. भंगारवाल्याने एका खासगी रुग्णालयाकडे बोट दाखवले. तिथला सफाईचा मुकादम तत्परतेने म्हणाला, "साहेब, कचरा मावशी उचलते. तिलाच विचारा."

मावशी पन्नाशीची, तेर गावाहून रोज एसटीने येणारी. महिला अंमलदारासमोर तिला बसवले. माझा आवाज चढलेलाच होता.

"माल कुणाला दिला, मावशी?"

"म्या न्हाय दिला, साहेब."

एवढे बोलून ती पदराखाली हात घेऊन गप्प बसली. गप्प बसणारा माणूस काहीतरी दडवतो, असाच माझा इतक्या वर्षांचा समज.

शेवटी पुन्हा हजर राहण्याची नोटीस दिली. पोच घ्यायला शिपायाने सवयीने शाईचा पॅड पुढे केला. तिने तो बाजूला सारला. "सही येती मला. लेकीनं शिकवलीय."

पेन धरायला हात बाहेर आले. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"हे काय?"

"सुया, साहेब. मुकादम म्हणतो, सुया उपसून प्लास्टिक येगळं कर. लई टोचतात."

"हातमोजे?"

"कुठलं मोजं? कुणी दिलंच न्हाय."

"मग मघाशी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं?"



मी रुग्णालयातून हातमोजे वाटपाची वही मागवली. दर महिन्याला तिच्या नावापुढे अंगठा. काविळीची लस दिल्याच्या नोंदीपुढेही अंगठाच. वही मुकादमासमोर ठेवली आणि ठसे तज्ज्ञांकडे पाठवतो म्हणालो. त्याने पाणी मागितले. निम्मा पेला संपायच्या आत तो बोलू लागला. अंगठे त्याचेच होते, पोतीही त्यानेच पोचवली होती. दोषारोपपत्रात त्याच्याबरोबर व्यवस्थापनाच्या माणसांचीही नावे गेली.

आम्ही सगळ्या सफाई कामगारांची रक्ततपासणी करायला लावली. बाकीचे सुटले. मावशीला मात्र रक्तातून पसरणारी कावीळ निघाली. वहीत चढवलेली लस खरोखर दिली असती, तर बहुधा तिला हा आजार झाला नसता.

काही महिन्यांनी ती ठाण्यात आली. औषधे चालू होती, चेहरा उतरलेला. "नव्या पोरींला मोजं मिळालं, साहेब. सुयाही दिल्या काविळीच्या. म्या सोता उभं राहून बघितलं," ती म्हणाली. तिला बसायला खुर्ची दिली तेव्हा मला तिच्या नजरेला नजर देणे जड गेले. त्या दिवशी मी तिला चोर समजून बसवले होते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत समोर कुणीही आले, संशयित असो वा साक्षीदार, माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : "तुम्हाला काही त्रास आहे का?" कित्येकदा तपास तिथूनच सुरू झाला.