बधिर पायाची राखण

रक्त, पू, ओकारी यांची सिस्टरला कधी किळस आली नाही. किळस यायची ती नातेवाइकांची. सकाळी ऑपरेशन करून संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांच्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. पाठीमागे तिला सगळे हेडमास्तरीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्या दिवशी एका चिमुरडीच्या पायाचं जास्तीचं बोट काढलं होतं. जाग आल्यावर दुखू नये म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता. पोरीची घाबरगुंडी उडालेली.

"मावशी, माझा पाय कुठे गेला?"

"जातोय कुठे? झोपलाय. उठेल संध्याकाळपर्यंत. तोवर मी आहे ना राखणीला."

मग तिनं पोरीसोबत आलेल्या आईला आणि काकाला बजावलं, "गरम काही लावू नका, कुठे आपटू देऊ नका. लागलं तरी तिला कळायचं नाही."

एवढं सांगून ती पडद्यापलीकडे ओकणाऱ्या पोराकडे गेली. इकडे हसण्याच्या उकळ्या फुटू लागल्या. पोरगी रमली म्हणायची, असं वाटून तिला बरं वाटलं.

पडदा सारला तर काका पोरीच्या पोटरीला चिमटे काढत होता. चांगली नखं रुतवून. "कळतंय? नाही? आणि आता?" आई मोबाइलवर शूटिंग घेत होती. सगळे हसतात म्हणून पोरगीही हसत होती.

सिस्टर तरातरा खाटेपाशी आली. "हात काढा आधी!"

"अहो, गंमत चाललीय. तिला कुठे काय कळतंय?"

"तिला नाही कळत. तुम्हाला तर कळतं ना?"

काकानं हात काढला, पण दात काढायचे थांबवले नाहीत.

संध्याकाळी पायाला जाग आली तशी पोरगी रडू लागली. सिस्टरनं आधी बँडेज पाहिलं. ते ठीक होतं. पोरगी बोट दाखवत होती पोटरीकडे. तिथे काळेनिळे डाग उमटले होते.

"मावशी, इथे पण ऑपरेशन केलं?"

"हो गं राणी," काका घाईघाईनं म्हणाला, "डॉक्टरांनीच केलं."

खोटारडा मेला! सिस्टरला त्याचं तोंड बघवेना. क्षणभर वाटलं, जाऊ दे, पोरीला याच्याच घरात राहायचंय. पण म्हणूनच तर सांगायला हवं होतं.

"नाही बाळा. हे काकाचे चिमटे आहेत."

आईनं मान खाली घालून बॅग उचलली. पोरगी काकाकडे बघत राहिली. "चल, गाडीपर्यंत उचलून नेतो," म्हणत तो पुढे झाला, तेव्हा तिनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले, दुखरासुद्धा.