पाडव्याचं तीनमजली

न्हाणीत पाय घसरून अक्का पडली, खुब्याचे हाड मोडले, असा तिच्या मुलाचा, महेशचा, फोन शिवरात्रीनंतर आला. मी पुण्याहून सोलापूरला पोचलो तेव्हा दवाखान्यातला तरुण डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून उभा होता. पडल्यावर हात आणि छातीही दुखत होती म्हणून सगळेच फोटो काढले होते, आणि त्यात नव्या मोडीपेक्षा जुन्याच जास्त दिसत होत्या. डावा हात कधीतरी मोडून वाकडा जुळलेला, फासळ्यांवर गाठी, गळ्याजवळच्या हाडावर एक. "आजी, आधी कधी मोठा अपघात झाला होता का?" त्याने विचारले. अक्का खाटेवरूनच म्हणाली, "झाला की. लगीन झालं." डॉक्टर हसला, मग महेशचा चेहरा पाहून थांबला. महेश औषधे आणायला बाहेर गेल्यावर अक्काने माझे मनगट धरले. "बाळू, पाडव्याला घरी ये. महेशचा गिलास बघाय कुणीतरी पायजे." त्याच आठवड्यात छातीत कफ भरला आणि ती गेली. पाडवा तिने पाहिला नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावातून ती भवानी पेठेत सून म्हणून आली. नवरा, म्हणजे आमचे दाजी, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग त्यांच्या हाताखाली पुन्हा चालू होई, असे कामगार सांगत. दोन खोल्यांच्या घराची एक भिंत कारखान्याला लागून होती. सकाळी माग सुरू झाले की घरातल्या घरात ओरडून बोलावे लागे. त्या खडखडाटात दाजी तिला मारत ते गल्लीत कुणाला ऐकू जात नसे. ऐकू जाई ते सणाला, कारण सणाला माग बंद असत. त्यामुळे दाजी फक्त सणालाच मारतात, अशी गल्लीची समजूत होती. "सणाला घेतात जरा, एरवी माणूस चांगला," असे लोक मला सांगत. गुढी उभारली, माग थांबले, गल्ली शांत झाली, की अक्काचा जीव खालीवर होई. इतरांच्या सणाची सुरुवात व्हायची, तिच्या मारहाणीला साक्षीदार मिळायचे, एवढाच फरक.

एका पाडव्याला दाजी आणि कारखान्यातले दोन मित्र घरात बसले होते. अक्काने स्टीलच्या पेल्यांत लिंबाचे सरबत दिले. पेल्यातले बाहेरून दिसत नाही. दुपारपर्यंत तिघेही झिंगले. पेल्यात काय आहे, असे तिने मित्रांसमोर विचारले. मित्र उठून गेले. दाजींनी कोनाड्यातला धोटा घेतला. धोटा म्हणजे मागावर सुतातून इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. पहिला घाव डोक्यावर येत होता, तिने डावा हात आडवा घातला. हाड मोडल्यावरही ते थांबले नाहीत, फासळ्या त्याच दुपारच्या. मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा ती एका हाताने भाकरी थापत होती. "दारू पितात त्याचं मला न्हाय रे," ती म्हणाली, "माज्या सरबतात वततात. माजं सरबत, माज्या हातनं घेतात, आन् वर मलाच मारतात... ते न्हाय सोसत."

मी तेव्हा वर्तमानपत्रात डेस्कवर होतो. महिलांच्या पुरवणीत थरांच्या सरबताची कृती छापून आली होती, रंगीत फोटोसकट. अक्काने ते पान माझ्याकडून मागून घेतले. पहिल्या खेपेला तिचा अंदाज चुकला. पाहुण्यांच्या तोंडाला गोड लागावे म्हणून तिने वरच्या थरात साखर जास्त घातली. वरचा रस तळाला गेला, सगळा ग्लास गढूळ झाला. मग तिला उमगले, की जड ते खाली, हलके ते वर. साखरेच्या दाट पाकात डाळिंबाचा रस तळाला, त्यावर जरा साखर घातलेला मोसंबीचा, आणि सगळ्यात वर गाळून पाणी घातलेला कलिंगडाचा, बिनसाखरेचा. बर्फाची लादी टॉवेलात गुंडाळायची, बत्त्याने फोडायची, चुरा ग्लासात घालायचा, आणि चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून रस सोडायचा. घाई केली की थर मोडतो. गढूळ ग्लासाकडे ती बराच वेळ बघत राहिली होती, हे तिने मला पुढे सांगितले. ती म्हणाली, "मला वाटलं, हे तर बरंच झालं की. कुणी वरनं काय वतलं तर गिलासच सांगतोय."

दारू हलकी, ती वर तरंगेल, हे खरे. पण चोरून ओतणाऱ्याचा हात हलका नसतो.

पुढच्या पाडव्याला स्टीलचे पेले माळ्यावर गेले. काचेचे ग्लास खिडकीत उन्हाला मांडले गेले. तळाला गडद लाल, मधे पिवळा, वर फिका गुलाबी. अक्काने नियम घालून दिला, की ग्लास उचलायचा, उजेडात धरायचा, तिला दाखवायचा आणि मग तोंडाला लावायचा. "फोटू काढतीस का काय?" दाजी म्हणाले. "डोळ्यांनीच काढते," ती म्हणाली. गल्लीत त्याचे नाव 'तीनमजली' पडले. शेजारच्या नफीसाभाभी ईदला तिच्याकडून शिकून गेल्या. बायका कौतुक करत होत्या. त्या वर्षी त्यांचा ग्लास स्वच्छ राहिला.

त्याच्या पुढच्या वर्षी राहिला नाही. अक्का बर्फ फोडत बसली होती. दाजी ग्लास घेऊन मोरीकडे गेले आणि परत आले तेव्हा तिन्ही रंग एकमेकांत गेलेले होते. ती म्हणाली, "दावा." त्यांनी ग्लास तिच्या तोंडावर फेकला. काच कपाळात शिरली. मग कोनाड्याकडे हात गेला. महेश दारात उभा होता, शाळकरी वयाचा. धोटा खाली यायच्या आत अक्काने बसल्या जागेवरून बत्ता फिरवला. उजव्या मनगटावर बसला. हाड फुटल्याचा आवाज महेशला अजून आठवतो. बर्फ फुटल्यासारखाच होता, असे तो म्हणतो. माग बंद होते. दाजींची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. माणसे धावली. नफीसाभाभी सगळ्यांच्या पुढे होत्या. "एवढी वर्सं अक्काचा आवाज यायचा," त्या दारातच म्हणाल्या, "आज मर्दाचा आला, म्हून पळत आले." अक्काच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि हातात बत्ता होता. "आजून कुणाला तीनमजली पायजे?" तिने विचारले.

दवाखान्यात दाजींनी मागात हात गेल्याचे सांगितले. मनगट कायमचे वाकडे राहिले, धोटा त्या हातात पुन्हा बसला नाही. ते सुधारले असे लिहिता येणार नाही. ते बाहेर पीत राहिले, शिव्या देत राहिले, आणि शेवटी यकृताने गेले. पण मरेपर्यंत दर पाडव्याला डाव्या हाताने ग्लास उचलून ते उजेडात धरत. अक्का बघे. मग म्हणे, "प्या."

गेल्या पाडव्याला मी तिथेच होतो. महेश आता टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, लग्न होऊन काही वर्षे झाली आहेत. त्याने ग्लास उजेडात न धरताच तोंडाला लावला. अक्का म्हणाली, "दाव." तो म्हणाला, "हात लागला गं आई, हलला जरा." तिने ग्लास हिसकून घेतला, वास घेतला, आणि सुनेकडे बघितले. रूपालीने बांगड्यांवरून पदर खाली ओढला. तो ओढायला नको होता, किंवा ओढला ते बरे झाले. अक्काने पदर वर केला. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे होते. पुढचे फार पटकन झाले. ग्लास महेशच्या कानाजवळ भिंतीवर फुटला, कान चिरला, खांद्यावर रक्त आणि सरबत एकत्र ओघळले. "बापाचा गिलास, बापाचा हात," अक्का म्हणाली, "मनगट बी बापाचंच करू का?" महेश खाली बसला. तिने बत्ता उचलला. मला वाटले ती मारणार. तिने तो रूपालीच्या मांडीवर ठेवला. "ह्याच्या बापाला एकदाच लागला. तुला कितींदा लागतोय ते तू बघ." वर्षभर त्या घरात काय झाले, याची मी महेशकडे चौकशी केली नाही. त्याने पुन्हा हात उचलला का, असे रूपालीला फोनवर विचारले होते. ती म्हणाली, "न्हाय मामा, आजून तरी न्हाय." त्यातला 'अजून' अक्काला शेवटपर्यंत झोपू देत नव्हता.

परवा पाडवा झाला. दुखवट्याच्या घरात सण करत नाहीत, गुढी नव्हती. तरी मी गेलो. रूपालीने कलिंगड, मोसंबी, डाळिंबे आणून ठेवली होती. महेशने लादी टॉवेलात गुंडाळली आणि बत्ता घेतला. माग बंद होते, त्यामुळे प्रत्येक घाव गल्लीभर ऐकू जात असणार. तो गरजेपेक्षा जास्त वेळ घाव घालत राहिला, टॉवेल फाटला, बर्फाचे पाणी झाले तरी घालत राहिला... रूपाली शेवटी म्हणाली, "बास की." त्याने बत्ता तिच्याकडे दिला. तिने तो धुतला, पदराने पुसला, आणि मोरीजवळच्या नेहमीच्या जागी न ठेवता खिडकीत ग्लासांच्या रांगेत उभा केला.

थर तिने सोडले, चमचा उलटा धरून, घाई न करता. महेशने आपला ग्लास उचलला. माझ्याकडे बघितले, मी मान हलवली नाही. मग तो बायकोसमोर गेला आणि ग्लास उजेडात धरला. वरचा गुलाबी जरा हलत होता, पण खाली उतरत नव्हता. रूपाली बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तो हात खाली न घेता तसाच उभा होता.

"पी," ती म्हणाली.